पाण्यातले डिजिटल खेळ: गुण कशाला द्यायचे?

खेळांच्या डिझाइनवरच्या आपल्या मालिकेत आजवर आपण कोरड्या जागेतले खेळ पाहिले: फोनवरचे, टेबलावरचे, मैदानातले. आज पाण्याकडे वळू. पाण्यात किंवा पाण्याच्या काठावर खेळायचा डिजिटल खेळ रचायचा असेल, तर काय काय बदलतं, हा आजचा विषय.

हा विषय परदेशातल्या चकचकीत वॉटर पार्कचा आहे, असं वाटू शकेल. मी चेन्नईत राहते. इथं रविवारी संध्याकाळी मरीनावर किंवा बेसंट नगरला गेलात, तर वाळूवर माणसंच माणसं दिसतात. प्रत्येकाच्या हातात फोन असतो आणि पन्नास पावलांवर बंगालचा उपसागर. म्हणजे डिजिटल खेळ आणि पाणी आधीच शेजारी येऊन बसलेत. त्यांची ओळख करून द्यायची की नाही, हे आता आपल्या हातात राहिलेलं नाही. ती ओळख नीट कशी करून द्यायची, एवढंच हातात आहे.

आज मला एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवायची आहे. पाण्यातल्या खेळात तुम्ही गुण कशाला देता, हेच सगळ्यात मोठं सुरक्षेचं साधन असतं. जलरोधक डबी, जॅकेट, सूचनांचा फलक हे सगळं त्यानंतर येतं.

मोजणं जुनंच आहे

पाण्यातला खेळ आपल्याला नवा नाही. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला बाराव्या शतकातला 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ घ्या. त्यात क्रीडांचा एक वेगळा विभाग आहे आणि त्यात पाणी शिंपडण्याचा खेळ, पाण्यात उतरून करायची क्रीडा, वाळूतली क्रीडा अशा वेगवेगळ्या नोंदी आहेत. पाण्यातला खेळ आणि काठावरच्या वाळूतला खेळ हे दोन निराळे प्रकार आहेत, हे तेव्हाही लक्षात आलं होतं. हा फरक आपल्याला पुढे उपयोगी पडणार आहे.

आता आपल्या लहानपणचे खेळ आठवा. चपटा दगड पाण्यावर तिरका मारायचा आणि टप्पे मोजायचे. विहिरीच्या काठावरून मुटका मारायचा आणि कुणाचं पाणी किती उंच उडतं ते बघायचं. आणि पाण्याखाली बुडी मारून कोण जास्त वेळ राहतं, ते काठावरच्यांनी मोठ्यानं आकडे म्हणत मोजायचं.

या सगळ्यांत मोजणी आहेच. संगणक आल्यावर एवढंच झालं की मोजणारा थकत नाही, चुकत नाही, कालचा आकडा विसरत नाही आणि दुसऱ्या गावातल्या मुलाचा आकडाही आणून दाखवतो. त्यामुळे मोजणीची ताकद कित्येक पटींनी वाढली. मुलं तेच करतात ज्याचं मोजमाप होतं. जमिनीवर चुकीच्या गोष्टीला गुण दिले, तर फार तर खेळ कंटाळवाणा होतो. पाण्यात तसं नसतं.

श्वासाची शर्यत

पाण्याखालचा खेळ म्हटला की डिझायनरला सुचणारी पहिली कल्पना म्हणजे 'जितका वेळ खाली, तितके गुण'. सेन्सर स्वस्त, नियम सोपा, चुरस भरपूर. ही कल्पना कागदावरच फाडून टाका. का, ते समजून घेऊ.

श्वास घ्यावासा वाटतो, तो मुख्यतः शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. ऑक्सिजन कमी झाल्याची सूचना शरीर तितक्या जोरात देत नाही. बुडी मारण्याआधी मुलं भराभर दीर्घ श्वास घेतात. त्यांना वाटतं, आपण ऑक्सिजन भरून घेतोय. प्रत्यक्षात ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र धुऊन निघतो. मग पाण्याखाली गेल्यावर 'आता वर चल' हा इशारा उशिरा येतो. तोवर ऑक्सिजन इतका उतरलेला असतो, की इशारा येण्याआधीच शुद्ध हरपते. तीही शांतपणे, धडपड न करता. चांगलं पोहता येणारेसुद्धा असे कमरेएवढ्या पाण्यात गेलेले आहेत.

आता यावर गुणांचा तक्ता लावा. काल ४० सेकंद, आज ४५, मित्राचे ५०. खेळानं मुलाला नेमकं तिकडेच ढकललं. कोपऱ्यात 'मोठ्यांच्या देखरेखीत खेळा' असं बारीक अक्षरात लिहून हे भरून निघत नाही. म्हणून पहिला नियम: श्वास रोखण्याला गुण नाहीत. उलट, श्वास घेण्याला गुण द्या. वर येऊन, तोंड बाहेर काढून, लयीत श्वास घेतला की दिवा लागतो, सूर वाजतो. चुरस तीच, सेन्सर तोच, दिशा उलटी.

दुसरी एक गोष्ट याला जोडून. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा हात हलवत ओरडत नाही. त्याचं तोंड पाण्याच्या पातळीशी खालीवर होत असतं, डोकं मागे झुकलेलं असतं, हात बाजूला पाणी दाबत असतात. ओरडायला लागणारा श्वासच त्याच्याकडे नसतो. हे सगळं एका मिनिटाच्या आत आटपतं. तुमच्या खेळात सगळ्यांनी एकाच वेळी पाणी उडवायचं, किंचाळायचं, डोकी खालीवर करायची असं असेल, तर त्या गोंधळात जीवरक्षकाला हे दिसणार कसं? म्हणून खेळात ठरावीक वेळानं सगळे स्थिर होतील असा क्षण घाला. आपण 'स्टॅच्यू' खेळायचो तसा. तो खेळाचाही भाग होतो आणि काठावरच्या माणसाला डोकी मोजायला वेळही मिळतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली आणि त्यांतली जवळपास निम्मी ३० वर्षांच्या आतली होती. आपण ज्यांच्यासाठी खेळ बनवतो, तीच ही वयं.

पाणी यंत्राशी कसं वागतं

आता थोडं यंत्राकडे. फोन जलरोधक आहे म्हणजे तो पाण्यात चालतो, असं समजू नका. आयपी ६७ हा शिक्का म्हणजे १ मीटर खोल, ३० मिनिटं, तेही गोड्या आणि स्थिर पाण्यात. क्लोरिनचं पाणी, समुद्राचं खारं पाणी, वरून आपटणारी लाट यांची हमी त्यात नाही. आणि फोन वाचला तरी पडदा वाचत नाही. टचस्क्रीन बोटामुळे बदललेला विद्युतभार ओळखते. पाणीही वीज वाहतं, त्यामुळे प्रत्येक थेंब तिला बोटासारखाच वाटतो. पावसात भिजलेल्या फोनवर नंबर लावताना हे आपण सगळ्यांनीच अनुभवलंय.

ब्लूटूथ आणि वायफाय ज्या लहरी वापरतात, त्या पाणी पटकन शोषून घेतं. गोड्या पाण्यात काही वीत, खाऱ्या पाण्यात त्याहून कमी अंतरात संपर्क तुटतो.

आवाजाचं उलटं. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, पाण्यात सुमारे १,५००. तो लांबवर ऐकू येतो, पण कुठून आला ते कळत नाही. दोन कानांवर आवाज पोचण्यातला जो किंचित फरक मेंदू दिशेसाठी वापरतो, तो पाण्यात फारच कमी होतो. म्हणजे 'आवाजाच्या दिशेनं पोहा' हा खेळ पाण्याखाली चालणार नाही.

नजरेचंही तसंच. पोहायच्या चष्म्यातून पाण्याखालची वस्तू आहे त्यापेक्षा साधारण एक चतुर्थांशानं जवळ आणि एक तृतीयांशानं मोठी दिसते. पकडायला हात पुढे केला की वस्तू थोडी लांबच राहते.

मग पाण्यात चालतं काय? दाब. पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. म्हणजे दर सेंटिमीटरला जवळजवळ १ मिलिबार. हवामान मोजणारा साधा स्वस्त सेन्सरही एवढा बदल सहज टिपतो. मूल पाण्याच्या किती खाली आहे, हे त्यावरून बोटभर अचूकतेनं कळतं.

आणि दुसरं, पाण्याचं वीज वाहणं. तुमच्या सोसायटीत टाकी भरली की वाजणारा अलार्म असेल. बऱ्याच साध्या अलार्ममध्ये दोन तारा असतात. पाणी दोन्हींना टेकलं की वर्तुळ पूर्ण होतं आणि भोंगा वाजतो. पडद्याला नडणारा पाण्याचा गुण इथं कामाला येतो. बॅटरीवरच्या अशा जोड्या काठावर लावल्या, तर नेमकं कुठं पाणी उडालं हे खेळाला कळतं. घरातला २३० व्होल्टचा पुरवठा मात्र पाण्याजवळ आणायचा नाही. त्यात तडजोड नाही.

इतरांनी काय करून पाहिलं

२००६ साली मित्सुबिशी इलेक्ट्रिकच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत पॉल डीट्झ आणि सहकाऱ्यांनी पाण्याचेच पडदे आणि बटणं बनवली. हात जवळ नेला की मागे सरणारं कारंजं, धारांना बोट लावलं की वाजणारी वीणा. कॅनडात स्टीव्ह मान यांनी हायड्रॉलोफोन नावाचं वाद्य बनवलं. त्यात पाण्याच्या धारा बोटांनी अडवून सूर काढायचे. बासरीची भोकं दाबतो तसं, फक्त भोकांतून पाणी येत असतं.

दक्षिण कोरियातल्या काइस्ट या संस्थेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये 'स्विमट्रेन' हा खेळ मांडला. पोहणारे सगळे मिळून एक आगगाडी, प्रत्येक जण एक डबा. अंगाला बांधलेला जलरोधक पिशवीतला फोन हात मारण्याची लय ओळखतो आणि बाकीच्यांशी जुळवून घ्यायला कानात सांगतो. पोहणं एरवी फार एकटं असतं. डोकं पाण्यात, बोलता येत नाही, शेजारचा दिसत नाही. या खेळानं त्याला सोबत दिली.

२०२४ पर्यंत हे क्षेत्र इतकं जमलं होतं की फ्लोरियन म्युलर आणि जगभरातल्या बऱ्याच सहकाऱ्यांनी मिळून, माणूस, संगणक आणि पाणी यांच्यापुढची मोठी आव्हानं कोणती, यावर एक सविस्तर निबंध लिहिला.

या प्रयोगांतला समान धागा बघा. यातल्या कशातही खेळाडूला पडद्याकडे टक लावून बसावं लागत नाही. पाणी हेच साधन आहे, किंवा कान मोकळा ठेवून शरीर पाण्याकडे दिलेलं आहे. पडदा आणि पाणी यांत लक्षासाठी भांडण लावलं की पडदा जिंकतो आणि खेळाडू हरतो. म्हणून दुसरा नियम: लक्ष पाण्यावर आणा.

चेन्नईचं पाणी वेगळं आहे

आता ठिकाण. कोरड्या जागेतला खेळ पुण्यात बनवून चेन्नईत चालतो. पाण्यातला तसा चालेलच असं नाही, कारण पाणी गावोगाव वेगळं.

कोकणातल्या माणसाचं घड्याळ भरती-ओहोटीचं. अलिबागला ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं आणि परतायला उशीर झाला की अडकायला होतं. मुंबईत उधाणाची भरती ओहोटीपेक्षा चार-पाच मीटर वर चढते. तिथं खेळ रचायचा तर तिथी आणि भरतीचं वेळापत्रक खेळात घालावंच लागेल. चेन्नईत हा फरक साधारण मीटरभरच असतो. इथं धोका ठरवतात लाटा आणि किनाऱ्याचा उतार. अलिबागचा खेळ जसाच्या तसा इथं आणला, तर तो 'ओहोटी आहे, सुरक्षित आहे' असं बिनदिक्कत सांगेल.

मरीनाचा जन्मही समजून घ्यायला हवा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मद्रास बंदराच्या भिंती समुद्रात बांधल्या गेल्या. किनाऱ्यालगत उत्तरेकडे वाहणारी वाळू त्या भिंतींनी अडवली. दक्षिणेला ती साठत गेली आणि मरीनाची पुळण रुंदावली. उत्तरेला रॉयपुरमच्या बाजूला समुद्र जमीन खात गेला. गव्हर्नर ग्रँट डफ यांनी १८८४ साली इथं फिरायचा रस्ता करून घेतला आणि 'मरीना' हे नाव दिलं. वर ही इतकी ऐसपैस वाळू दिसते, पण पाण्यात मात्र ओढ जबरदस्त. म्हणूनच मरीनावर पोहायला बंदी आहे.

दक्षिणेला बेसंट नगरच्या किनाऱ्यावर एक पांढरी कमान आहे. सिनेमांत दिसते, लोक तिथं फोटो काढतात. ती श्मिट नावाच्या डॅनिश खलाशाची स्मारककमान आहे. ३० डिसेंबर १९३० रोजी इतरांना वाचवताना तो तिथंच बुडाला. म्हणजे या किनाऱ्यावरचं सगळ्यात लोकप्रिय फोटोचं ठिकाण म्हणजे एक इशारा आहे आणि बहुतेकांनी तो कधी वाचलेला नाही. फलक लावला म्हणजे सूचना पोचली, असं मानणाऱ्या प्रत्येक डिझायनरनं ही कमान एकदा बघून यावी.

इथं माणसं ओढली कशी जातात? लाटा पाणी किनाऱ्यावर आणून टाकतात. ते परत जाताना सगळीकडून सारखं जात नाही. वाळूच्या दोन उंचवट्यांमधल्या फटीतून अरुंद, वेगवान प्रवाह होऊन बाहेर पडतं. याला रिप करंट म्हणतात. त्याचा वेग कधी कधी सेकंदाला २ मीटरच्याही वर जातो, म्हणजे ऑलिंपिकमधल्या जलतरणपटूच्या वेगाएवढा. आणि गंमत म्हणा की दुर्दैव, तिथं लाटा कमी फुटतात. दोन्ही बाजूंना फेस आणि मध्ये शांत, गडद पट्टा. पोहता न येणाऱ्याला तीच जागा सुरक्षित वाटते. त्यात सापडलं तर सरळ किनाऱ्याकडे हात मारत राहू नये. तरंगत राहावं, हात वर करून मदत मागावी, जमल्यास किनाऱ्याला समांतर जाऊन प्रवाहाच्या बाहेर यावं.

दोन खेळ रचून पाहू

आता कागद-पेन्सिल घ्या. 'मानसोल्लास'चा फरक लक्षात ठेवून एक खेळ पाण्यातला रचू आणि एक वाळूतला.

पहिला तलावातला. वेलाचेरीला १९९५ च्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांसाठी बांधलेलं जलतरण संकुल आहे. तसा कुठलाही तलाव धरा, पण उथळ बाजू, पाणी मुलांच्या कमरेएवढं आणि काठावर जीवरक्षक. पाच मुलं, पोहायला नुकतीच लागलेली. त्यांना शिकवायचं आहे पाठीवर तरंगणं, कारण समुद्रात जीव वाचवणारं पहिलं कौशल्य तेच.

पाठीवर तरंगताना कान पाण्याखाली असतात. म्हणजे काठावरचा स्पीकर निरुपयोगी. डोळे मात्र आकाशाकडे. म्हणून खेळाचा निरोप वर द्यायचा: दोन खांबांमध्ये दोरी आणि तिच्यावर बॅटरीचे रंगीत दिवे. छातीला पट्टा, त्यात दाबाचा सेन्सर आणि साधा रेडिओ. मूल नीट तरंगतंय तोवर छाती पाण्याच्या वर असते, संपर्क चालू राहतो आणि त्याचा दिवा हळूहळू उजळत जातो. छाती पाण्याखाली गेली की संपर्क तुटतो. मघाशी आपण ज्याला अडचण म्हणालो, तीच इथं खूण झाली. संपर्क तुटून ठरावीक सेकंद उलटले की काठावरचा भोंगा वाजतो. हा भोंगा जीवरक्षकाच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही. ज्या दिवशी जीवरक्षक नाही, त्या दिवशी खेळ नाही.

गुण? पाचही दिवे उजळले की सगळी माळ झगमगते. गुण गटाला, एकट्याला नाहीत. आणि इथं तिसरा नियम येतो: थांबण्याची किंमत लावू नका. मूल घाबरून उभं राहिलं तर दिवा विझणार नाही, आहे तिथंच थांबेल. पुन्हा तरंगलं की तिथून पुढे. एकदा का उभं राहण्याला दंड लावलात, की घाबरलेलं मूल मित्रांपायी तसंच पडून राहील.

दुसरा खेळ समुद्रावरचा. पाण्यात उतरायचंच नाही. बेसंट नगरच्या कठड्यावर बसून दोघांनी खेळायचा. खेळाचं नाव ठेवू 'अलै'. तमिळमध्ये लाटेला अलै म्हणतात. एकानं फक्त समुद्राकडे बघायचं, दुसऱ्यानं फक्त फोन धरायचा. बघणारा लाट फुटली की 'अलै' म्हणतो, दुसरा फोनवर टिचकी मारतो. दहा लाटा झाल्या की फोन दोन लाटांमधलं अंतर सांगतो. मग प्रश्न: लाटा कुठे कमी फुटतात? दोघांनी पाळीपाळीनं फोन त्या दिशेला रोखायचा. फोनमधला होकायंत्राचा सेन्सर दिशा नोंदवतो. दोघांचं उत्तर जुळलं तर गुण. त्या दिवशी सकाळी किनाऱ्यावरच्या जीवरक्षकानं किंवा शेजारच्या उरूर कुप्पममधल्या मच्छीमारानं दाखवलेल्या जागेशी जुळलं तर जास्त गुण. पिढ्यान्‌पिढ्या कट्टुमरम घेऊन याच लाटा ओलांडणारी ही माणसं. इंग्रजीतला 'कॅटमरॅन' हा शब्द त्यांच्या भाषेतून गेलाय. त्यांना खेळाचा पंच करा, आणि पंचाला मानधन द्या.

कुणी विचारेल, मुलं पाण्याकडे गेली तर जीपीएसनं खेळ बंद नाही का करता येणार? बंद जरूर करा, पण भरवसा ठेवू नका. फोनच्या जीपीएसची चूक उघड्यावरही पाच मीटरच्या आसपास असते आणि एक मोठी लाट वाळूवर तेवढी सहज चढून येते. म्हणून रेषा पाण्याच्या कडेला आखायची नाही, खूप मागे, रस्त्याच्या बाजूला आखायची. आणि बक्षीस कधीही रेषेच्या पलीकडे ठेवायचं नाही. २०१६ मध्ये 'पोकेमॉन गो' आला तेव्हा पाण्यातले पोकेमॉन पाण्याजवळ जास्त सापडायचे. कल्पना म्हणून छान, पण बक्षीस जिथं असेल तिथं माणूस जातो, हे तेव्हा सगळ्या जगानं पाहिलं. 'अलै'मध्ये बक्षीस कठड्यावर आहे.

दिवे, कासवं आणि पाण्याचा हिशेब

चेन्नईत सूर्य समुद्रातून उगवतो आणि शहरामागे मावळतो. म्हणजे सकाळी पाण्याकडे बघताना डोळे दिपतात, तेव्हा 'अलै' खेळता येणार नाही. संध्याकाळी मात्र ऊन पाठीशी असतं आणि समुद्र स्पष्ट दिसतो. पुढे अंधार पडतो, आणि डिझायनरच्या मनात येतं, वाळूवर छान एलईडी दिवे लावू.

जानेवारीपासून इथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि नंतर मे महिन्यापर्यंत पिल्लं बाहेर पडत राहतात. पिल्लं रात्री उजेडाच्या दिशेनं चालतात. मुळात तो उजेड समुद्रावरचा असायला हवा. दिवे शहराचे असले, तर ती रस्त्याकडे जातात. इथं विद्यार्थ्यांची एक संस्था १९८८ पासून रात्रभर किनारा चालून अंडी गोळा करून सुरक्षित ठिकाणी नेते. त्यांच्या वाटेत आपले दिवे नकोत. या महिन्यांत रात्रीचा खेळ बंद, इतकं सोपं आहे ते.

तसाही उत्तम दिव्यांचा खेळ समुद्र स्वतः कधी कधी दाखवतो. ऑगस्ट २०१९ मध्ये बेसंट नगर आणि तिरुवान्मियूरच्या किनाऱ्यावर लाटा निळ्या चमकल्या होत्या. नॉक्टिल्युका नावाचे सूक्ष्म जीव हलवले की उजळतात. कोकणातही हे दिसतं. पाणी ढवळलं की प्रकाश, थांबलं की अंधार. याहून साधं आणि चांगलं डिझाइन मला माहीत नाही.

आणि शेवटचा हिशेब पाण्याचा. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी १.३५ मीटर खोल तलावात सुमारे ४ लाख २० हजार लिटर पाणी मावतं. जून २०१९ मध्ये चेन्नईचे तलाव आटले होते आणि लोक टँकरसाठी रात्र रात्र हंडे घेऊन रांगेत उभे होते. या शहरात कारंज्यांचा खेळ मांडायचा तर तेच पाणी गाळून पुन्हा फिरवायला हवं, आणि टंचाई आली की खेळ कोरडा कसा खेळता येईल, हे आधीच ठरवायला हवं. 'अलै'ला थेंबभर पाणी लागत नाही, हा त्याचा मला सगळ्यात आवडणारा गुण.

डब्याची गोष्ट

गावाकडे पोहायला शिकवताना पाठीला हवाबंद डबा किंवा वाळलेला भोपळा बांधून विहिरीत सोडायचे. काही दिवसांनी लहान डबा, मग आणखी लहान, आणि एक दिवस काकांनी डबा बांधलाच नाही हे पाण्यात पडल्यावर कळायचं. पाण्यातल्या डिजिटल खेळानंही असंच हळूहळू बाजूला व्हावं. पहिल्या आठवड्यात दिवा सतत हवा, मग अधूनमधून, मग फक्त शेवटी. बाकीचे डिजिटल खेळ माणसानं परत परत यावं म्हणून रचलेले असतात. हा खेळ असा रचायचा की मुलाला तरंगता यावं, समुद्र वाचता यावा, आणि मग खेळाची गरज उरू नये.

तुम्ही असा खेळ बनवत असाल, किंवा मुलांसाठी विकत घेत असाल, तर तीन प्रश्न विचारा. यात गुण कशाला मिळतात? थांबलं तर काय गमवावं लागतं? आणि खेळताना मुलाची नजर कुठे असते? उत्तरं 'श्वास रोखण्याला', 'गुण' आणि 'पडद्यावर' अशी आली, तर खोका कितीही जलरोधक असो, तो परत करा.

पुढच्या भागात पावसाळ्यातल्या, बंद खोलीतल्या खेळांकडे जाऊ. तोवर नमस्कार.